डाव्या पायाची नऊ पानं

॥ श्री ॥

कॅरी, नॉर्थ कॅरोलायना
रविवार, ६ ऑक्टोबर २०२४

ती. शैलाताईस,
शि. सा. न. वि. वि.

अर्विंगहून टाकलेलं तुझं पत्र पाचव्या दिवशी मिळालं. झिपकोडमधले दोन आकडे तू पुन्हा मराठीत काढले होतेस. तरी पत्र पोचलं, म्हणजे इथल्या पोस्टात कुणीतरी आपलं माणूस असावं. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि तुझ्या लेकाला, सौमित्रला, मध्ये घालून भावाबहिणीने बोलायचं हे तुला पटत नाही, म्हणून आपला पोस्टाचा खर्च चालू आहे. माझी तक्रार नाही. लिहिलेलं परत तपासता येतं, बोललेलं येत नाही.

आमच्या अनयाला पोलंडला खेळायला जाऊन सात आठवडे झाले. तिच्या बास्केटबॉल क्लबच्या नावात चार व्यंजनं एकमेकांना चिकटलेली आहेत. मला म्हणता येतं, पण लिही म्हणू नकोस. टीममध्ये बाहेरच्या मुली मोजून तीन, त्यात आपली एक. तिच्या एजंटने क्लबांना जी फाइल पाठवली होती तिच्यात माझे चार कागद लावले होते, वर माझं नाव आणि ईमेल छापून. कोच म्हणाला म्हणे, की व्हिडिओ सगळेच पाठवतात, असा हिशेब कुणी पाठवत नाही.

कागद म्हणजे काय ते तुला माहीत आहे, पण पुन्हा सांगतो, कारण पुढचं त्यावरच आहे. मी आयटीआयचा फिटर. कॉलेजचं तोंड पाहिलं ते अनयाच्या अ‍ॅडमिशनला. मोजमापाचं काम स्वतः शिकलो आणि आज कारखान्यात तीन इंजिनिअर माझ्या मापाखाली सही करतात. बास्केटबॉलही तसाच शिकलो, लायब्ररीतून पुस्तकं आणून. ती सहावीत असताना टेबलावर आकडे लिहिणाऱ्या मुलीने अनयाने पकडलेले तीन बॉल गाळले, तेव्हापासून माझा कागद वेगळा. एका मॅचला एक. कोर्टाचा नकाशा, पडलेल्या शॉटला गोल, हुकलेल्याला फुली, आणि उडी मारून खाली येताना आधी कुठला पाय टेकला त्याचा बाण. हे शेवटचं जगात कुणी लिहीत नसेल. असे तीनशे बारा कागद आहेत.

बुधवारची मॅच मी कारखान्याच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून, डबा खात, फोनवर पाहिली. तिथे संध्याकाळचे सहा, इथे बारा. जिंकले. अनयाचे चौदा पॉइंट. पण बाण मला आवडले नाहीत. ती दोन्ही पायांवर उतरायची. आता उजवा आधी टेकतो, डावा मागून येतो. पाच मॅचमध्ये एकसष्ट उड्या, त्यातल्या चव्वेचाळीस अशा. मी जुने कागद काढले. हे १७ फेब्रुवारीपासून आहे. त्या शनिवारी कॉलेजच्या मॅचमध्ये ती पडली होती, दोन मॅच बाहेर बसली, घोटा मुरगळलाय म्हणाली. मी तेव्हा कागदाच्या कोपऱ्यात ‘डावा गुडघा?’ असं लिहिलेलं सापडलं. लिहून विसरलो. हे माझ्या हातून कसं झालं ते मला कळत नाही.

फोनवर विचारलं तर म्हणाली, थकलेय, आणि बाबा, मॅच बघा ना, पाय काय बघता. कांचन तिची आई असून म्हणते पोरगी तेवीस वर्षांची आहे, सोड. लोकांनी पास केलेला माल परत मोजण्यात माझी तीस वर्षं गेली, मला सोडता येत नाही. तू मिरजेला हाडांच्या वॉर्डात बावीस वर्षं काढलीस. तुला काय वाटतं ते स्पष्ट लिही.

कांचनचा नमस्कार. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
गिरीश

*

अर्विंग, टेक्सास
११ ऑक्टोबर २०२४

चि. गिरीश यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

उद्या दसरा. सौमित्रने दुकानातून झेंडू आणलाय, एक फूल एका गुलाबाच्या भावात. आपट्याची पानं नाहीत, तेव्हा सोनं म्हणून हेच पत्र घे.

तुझे बाण वाचले. एवढे आकडे देऊन तू मला विचारतोस काय, तुला उत्तर माहीत आहे. माणूस जो पाय मागून टेकतो त्या पायावर त्याचा भरवसा राहिलेला नसतो. आमच्याकडे पेशंट दारातून खाटेपर्यंत चालत येईतो आम्ही सांगायचो, कुठला गुडघा. घोटा नाही हा. असे गुडघे महिनोन्‌महिने काम देतात, आणि मग एक दिवस साधं वळताना जातात. गेले की नुसता खेळ जात नाही, जिने चढणंही जातं.

हातावर हात ठेवून बसू नकोस. तिच्या टीमला डॉक्टर असेल, पाय दाबणारा असेल. कुणाच्या तरी कानावर घाल. पोरं सांगत नाहीत. तू सातवीत हात मोडून दोन दिवस शर्टाच्या बाहीत लपवला होतास, तेव्हा आईला मीच सांगितलं होतं, आणि तू महिनाभर माझ्याशी अबोला धरला होतास. हात मात्र सरळ आहे.

कांचनला आशीर्वाद. तुझं वजन किती आहे ते लिहीत नाहीस, बाकी सगळं मोजतोस.

तुझी,
शैलाताई

*

अर्विंग
मंगळवार, १५ ऑक्टोबर २०२४

चि. गिरीश यास,
आशीर्वाद.

आधीच्या पत्राच्या पाठोपाठ हे टाकते आहे. ते पेटीत पडलं आणि मला चैन पडेना. तू नर्सला विचारलंस, नर्सने उत्तर दिलं. पण वॉर्डात पेशंट आपल्या पायांनी येतो. ही आलेली नाही. तिने तिथे कुणाला काय सांगितलंय, काय लपवलंय आणि कशासाठी, ते तिलाच ठाऊक. तुझा हात मोडला तेव्हा तू बारा वर्षांचा होतास.

तर आधी तिला विचार. रागावून नाही आणि आकडे दाखवून तर मुळीच नाही. ती हो म्हणेपर्यंत त्या क्लबात कुणाला काही कळवू नकोस.

तुला फोन लावून पाहिला. तू उचललास, एवढं समजलं. पुढे कानातल्या मशीनमधून नुसती शिट्टी. सौमित्रला सांगितलं असतं तर एका मिनिटात निरोप गेला असता, पण मग तो विचारणार काय झालं, आणि पोरीची गोष्ट दोन घरांत करायची मला इच्छा नाही. पत्र जाईल तीन-चार दिवसांत. तेवढ्यात काही बिघडत नाही.

तुझी,
शैलाताई

*

कॅरी
रविवार, २० ऑक्टोबर २०२४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पहिलं पत्र बुधवारी मिळालं, दुसरं काल शनिवारी. मधल्या शुक्रवारी मी पाठवून मोकळा झालो होतो.

क्लबच्या वेबसाइटवर त्यांच्या फिजिओचा ईमेल होता. बुधवारी आणि गुरुवारी कामावरून आल्यावर बसलो. नऊ पानं झाली. पहिल्यावर सारांश, पुढे फेब्रुवारीच्या आधीच्या आणि नंतरच्या उड्या शेजारी शेजारी, मूळ कागदांच्या प्रती, आणि १७ फेब्रुवारी ही तारीख लाल चौकटीत, म्हणजे शोधावी लागू नये. इंग्रजी तीनदा तपासलं. ताई, खरं सांगतो, इतकं नीट काम मी कारखान्यातही क्वचित केलं असेल. शेवटी लिहिलं की मुलगी स्वतः सांगणार नाही, तेव्हा कृपा करून तुम्हीच तपासा.

तासाभरात उत्तर आलं. फार आभार मानले, आणि हे ऑफिसला दाखवलं तर चालेल का, असं विचारलं. मला वाटलं एमआरआयची परवानगी लागत असेल. चालेल म्हणून कळवलं.

तुझं दुसरं पत्र मी ओट्यापाशी उभ्यानेच वाचलं. कांचनने विचारलं काय लिहिलंय, मी वाचून दाखवलं, आणि ती आत गेली. तिलाही मी ते पाठवल्यावरच सांगितलं होतं. अनयाला अजून सांगितलेलं नाही. आज आमच्या चारला तिचा फोन येतो, तेव्हा सांगीन. झालं ते तिच्या भल्याचंच आहे, हे तिला आज नाही तर महिन्याने पटेल.

जमलं तर दोन ओळी लगेच टाक. तुझा लोभ या वेळी जरा जास्त लागेल.

तुझा,
गिरीश

*

कॅरी
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय आत्या,
साष्टांग नमस्कार. हा स्पेलिंगसकट येतो, कारण बाबांनी संडे मराठी क्लासमध्ये पन्नास वेळा लिहायला लावला होता. बाकीच्या चुका माफ कर.

तुला कळलं असेल मी घरी आलेय. तुला फोनवर ऐकू येत नाही हे मला पहिल्यांदा बरं वाटतंय, कारण मला सगळं सांगायचंय आणि तू मध्येच बोलू शकत नाहीस.

सायनिंगच्या आधी क्लबने फॉर्म दिला होता. मागच्या बारा महिन्यांत काही इंज्युरी? मी नाही लिहिलं. माझ्या ओळखीची प्रत्येक मुलगी नाही लिहिते. हो लिहिलं तर दुसरी मुलगी घेतात, लाइन केवढी मोठी आहे तुला माहीत नाही. माझा प्लॅन होता, ख्रिसमसच्या ब्रेकमध्ये घरी यायचं, चुपचाप एमआरआय करायचा, मग ठरवायचं. गुडघा दुखतो हे मला माहीत आहे, आत्या. तो माझाच आहे.

मॅनेजरने मला ऑफिसमध्ये बोलावलं आणि टेबलावर बाबांच्या नऊ पानांतलं एक पेज ठेवलं. लाल बॉक्स. मी हँडरायटिंग लगेच ओळखलं. त्याला वाटलं हे माझ्या अमेरिकन डॉक्टरचं आहे. म्हणाला, इतकं छान डॉक्युमेंटेशन आमच्याकडे कोणी करत नाही. मग म्हणाला की इंज्युरी आधीची आहे आणि मी लपवली, म्हणून कॉन्ट्रॅक्ट संपलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याने मला कॉफी दिली. तीन दिवसांत अपार्टमेंट सोडायचं होतं.

बाबा एअरपोर्टवर आले होते. मी पूर्ण फ्लाइट त्यांच्यावर काय काय ओरडायचं याची प्रॅक्टिस केली होती. त्यांनी बॅग घेतली, माझ्या डाव्या पायाकडे पाहिलं आणि पटकन दुसरीकडे बघायला लागले. मग मला ओरडता आलं नाही. पण बोलताही येत नाही. सोळा दिवस झाले. ते म्हणतात भाजी घे, मी थँक यू म्हणते. आई मध्ये बसून दोघांना वेदर सांगते.

मला एकच सांग, तू नर्स होतीस म्हणून. असा गुडघा किती दिवस चालतो? मला तो गोल्डन इयर्सपर्यंत, म्हणजे म्हातारपणापर्यंत, नको, दोन-तीन सीझन पाहिजेत. मी बारा वर्षं फक्त हेच केलंय. बाबांना सांगू नको मी लिहिलं.

तुझी,
अनया

*

अर्विंग
२३ नोव्हेंबर २०२४

चि. अनया हिस,
अनेक आशीर्वाद आणि एक पापा.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मराठी चांगलं आहे, बापापेक्षा अक्षरही सरळ.

तुला खरं सांगितलं पाहिजे. कुणाच्या तरी कानावर घाल असं तुझ्या बाबाला आधी मीच लिहिलं होतं. मग चार दिवसांनी नको म्हणून लिहिलं, ते त्याला एक दिवस उशिरा मिळालं. तेव्हा त्या नऊ पानांतली निम्मी माझी धर. त्याच्याशी अबोला असेल तर माझ्याशीही धर, निदान वाटून जाईल.

तुझ्या प्रश्नाला उत्तर नाही. मी दहा वर्षं चाललेले पाहिलेत आणि दुसऱ्या दिवशी गेलेलेही. फोटो काढल्याशिवाय जो सांगेल त्याचं ऐकू नकोस, माझंही नाही. आईला घेऊन जा आणि काढून ये. काढल्यावर काय करायचं ते तू ठरव. मी ठरवणार नाही.

पुन्हा लिही. तुझ्या पत्राची वाट बघायला मला आवडेल.

तुझी,
आत्या

*

कॅरी
रविवार, १२ जानेवारी २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अनया घरी आल्याचं कळवलं, त्यानंतर दोन महिने पत्र टाकलं नाही. लिहिण्यासारखं होतं, हात होत नव्हता.

डिसेंबरात अनयाचा एमआरआय झाला. ती आणि कांचन आत गेल्या, मी पार्किंगमध्ये बसलो. मला तसं सांगण्यात आलं होतं. गुडघ्याच्या आतली दोरी अर्धी तुटली आहे. म्हणजे माझे बाण बरोबर होते. इतकं बरोबर असल्याचं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऑपरेशन केलं तर नऊ महिने खेळ बंद. नाही केलं तर पट्टा बांधून खेळू शकते. वर्ष निघेल, दोन निघतील, किंवा पुढच्याच उडीला उरलेली दोरी जाईल आणि सोबत आणखी काही घेऊन जाईल. ठरवायचं पेशंटने. अनया म्हणाली नऊ महिन्यांनी तिचं नाव कुणाला आठवणार नाही. हे तिने कांचनला सांगितलं, मी ऐकलं.

आता आजची गोष्ट. आइसलँडच्या एका क्लबला सीझनच्या मध्यावर एक मुलगी हवी आहे. त्यांच्याकडे ३१ जानेवारीनंतर कुणाला घेता येत नाही. एजंटने अनयाची जुनीच फाइल पाठवली, माझ्या चार कागदांसकट. त्यांचा कोच तिला न विचारता मला लिहितो: तुमचे कागद वाचले, इतका काटेकोर माणूस मी पाहिला नाही, म्हणून तुम्हालाच विचारतो, सध्या ती कशी उतरते.

मी ईमेल छापून अनयाच्या ताटाशेजारी ठेवलं. तिने वाचलं आणि नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा माझ्याशी पुरं वाक्य बोलली. म्हणाली, खोटं लिहा असं मी तुम्हाला कधीच म्हणणार नाही, बाबा, तुम्हाला ते येतही नाही. पण खरं लिहिलंत तर या वेळी मी एअरपोर्टवरून घरी येणार नाही. शांतपणे म्हणाली. मग पोळी पुरी केली.

कारखान्यात एकदा मॅनेजरने मला पार्ट पास कर म्हणून सांगितलं होतं. हजारांश इंचाचा फरक होता, ट्रक दारात उभा होता. मी नाही केला. त्याचं मला आजवर कौतुक आहे. ठीक आहे लिहिलं तर माझ्या हाताने खोटा आकडा जातो, आणि त्या आकड्यावर ती उडी मारते. ठीक नाही लिहिलं तर तिचं दार मी दुसऱ्यांदा बंद करतो. तू पत्र टाकशील ते पोचेपर्यंत मला उत्तर द्यावं लागेल, हे मला माहीत आहे. तरी तुला लिहितोय. दुसरं कुणाला लिहू?

तुझा,
गिरीश

*

कॅरी
रविवार, २३ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

या वेळी सल्ला देणार नाही, नुसती सोबत करते, एवढंच तू लिहिलं होतंस. ते पत्र मी कामाच्या डब्याच्या पिशवीत ठेवलं आहे.

काय झालं ते सांगतो. कोचला दोन दिवसांनी तीन ओळी लिहिल्या. मी आता कागद ठेवत नाही. ती तेवीस वर्षांची आहे. तिलाच विचारा. पहिली ओळ खोटी होते का, याचा मी खूप विचार केला. ऑक्टोबरनंतर एकही कागद केला नव्हता, आणि लिहिताना ठरवलं की पुढेही करायचा नाही. तेव्हा खरी धरली.

त्याने तिला विचारलं असणार. तिने काय सांगितलं ते तिने आम्हाला सांगितलं नाही. क्लबने तिला घेतलं यावरून कळलं. म्हणजे बाप खोटं बोलला नाही, एवढंच; खोटं बोलायचं काम त्याने मुलीकडे सरकवलं. कांचनला हे म्हटलं तर ती म्हणाली, तू पुन्हा स्वतःचंच माप काढतोयस. असेल.

२९ जानेवारीला तिला सोडायला गेलो. गाडीत ती माझ्याशी बोलली, ट्रॅफिकबद्दल, नवीन बुटांबद्दल. उतरताना म्हणाली, मॅच बघा. पाय बघू नका असं या वेळी म्हणाली नाही. मला ते जास्त लागलं.

मॅच आमच्याकडे दुपारी सव्वादोनला असते. दिवाणखान्यात कॉम्प्युटर लावून आम्ही दोघं बसतो. पेन्सिल मी घेत नाही. ताई, सांगायला लाज वाटते, मला ती उडी मारली की बघवत नाही. बॉल तिच्या हातात आला की मी खाली गालिच्याकडे बघतो. कांचनला या खेळातलं काही कळत नसे. बारा वर्षं ती नुसता डबा घेऊन येत होती. आता तीच बघते आणि मला सांगते, आली. म्हणजे खाली आली आणि उभी आहे. शॉट पडला की नाही ते ती सांगत नाही आणि मी विचारत नाही.

काल तिसऱ्या क्वार्टरपर्यंत तिने सतरा वेळा आली म्हटलं. अठराव्या वेळी गप्प राहिली. मी थांबलो, मग वर पाहिलं. चित्र अडकलं होतं. अनया हवेत, बॉल हातातून सुटलेला, डोळे वर, केस वर. इतकी सुंदर उडी, की मला आधी तेवढंच दिसलं. आम्ही दोघं त्या चित्राकडे बघत बसलो. कांचनने माझा हात धरला होता की मी तिचा, सांगता येणार नाही. घड्याळ लावलं नाही, पण चार मिनिटं तरी गेली असतील. चालू झालं तेव्हा खेळ दुसऱ्या टोकाला होता आणि अनया बाकावर बसली होती, खांद्यावर टॉवेल. पाय समोरच्या मुलीमुळे दिसत नव्हते. बाकावर सगळ्याच बसतात, विश्रांतीला. मॅच संपेपर्यंत ती परत आली नाही. आठ पॉइंटनी जिंकले होते, तेव्हा गरजही नव्हती. असंही असेल.

मॅचचं रेकॉर्डिंग त्यांच्या वेबसाइटवर असतं. ती उडी तिथे पुरी असणार. बोटाने मागे नेली की उजवा आधी टेकला की डावा, की कुठलाच नाही, ते मला तीन सेकंदांत कळेल. सकाळपासून दोनदा कॉम्प्युटरपाशी जाऊन आलो. ते उघडलं नाही. फोन करून विचारलंही नाही. तिचा फोन आज आमच्या चारला येतो. आत्ता दोन वाजून दहा मिनिटं झाली आहेत. कांचनने भात लावला आहे, आणि मी हे पत्र मुद्दाम मोठं करतो आहे.

लोभ ठेव, ताई. या घरात तो सध्या तिघांना पुरवायचा आहे.

तुझा,
गिरीश